दाविदाचे दोन प्रश्न

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाने आपल्या लोकांविषयी विचारलेले दोन प्रश्न आढळतात. पहिला नवव्या अध्यायात आहे. शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय, असल्यास योनाथानाकरिता मला त्याच्यावर दया करावयाची आहे, असे तो विचारतो. दुसरा चोविसाव्या अध्यायात आहे. तेथे तो दानापासून बैर-शेब्यापर्यंत लोकांची मोजदाद करावयास यवाबाला पाठवितो. पहिल्या प्रश्नातून दोन्ही पायांनी लंगडा असलेला मफीबोशेथ सापडला व राजाच्या मेजावर जेवू लागला. दुसऱ्या प्रश्नातून तलवार धरणाऱ्यांचा मोठा आकडा हाती आला; पण राजाचे मन त्याला टोचू लागले व देशावर मरी आली. दोन्ही वेळी राजाने माहितीच मागितली होती. मग एक मागणी देवाला मान्य व दुसरी अमान्य का?

हा प्रश्न आमच्या उज्जैनच्या मंडळीत मध्यंतरी अगदी व्यवहारात उभा राहिला, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

मंडळीतील एका कुटुंबात सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याला थॅलेसिमिया हा रक्ताचा उपजत आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि वारंवार रक्त दिल्याने शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. रक्त चढविल्यानंतरचे काही दिवस तो इतर मुलांसारखा खेळतो. पुढच्या पाळीच्या आधीच्या दिवसांत जिना चढताना त्याला धाप लागते. त्याचे वडील एका कार्यालयात दिव्यांगांच्या योजनेची चौकशी करण्यास गेले असता, मुलगा तर स्वतःच्या पायांनी चालत आला आहे, मग हा दिव्यांग कसा, असा प्रश्न त्यांना ऐकावा लागला. तेव्हा त्यांनी ठरविले की, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून जिल्ह्यात असे आजार कोणत्या वर्गात धरले जातात हे लेखी विचारावे. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी या कामासाठी प्रार्थना मागितली. त्यावर मंडळीचे एक वडील म्हणाले, “भाऊ, आपण प्रार्थना करणारी माणसे. सरकारशी वाद घालणे आपल्याला शोभते काय?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालीचे अपंगत्व, मतिमंदत्व व मानसिक आजार असे ते सात. त्यांत रक्ताच्या आजारांना जागा नव्हती. २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला व प्रकार एकवीस झाले. थॅलेसिमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार त्यांत आले. मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन हे मज्जासंस्थेचे जुनाट आजारही आले. म्हणजे कार्यालयातील तो प्रश्न कायद्याच्या दृष्टीने चुकीचा होता.

पण गोष्ट येथे संपत नाही. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के जागा अशा सर्व दिव्यांगांसाठी आहेत. तेथे थॅलेसिमियाच्या मुलाला दार उघडे आहे. त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमात सरकारी नोकरीतील किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत. पण तेथे दिलेल्या गटांत रक्ताचे आजार नाहीत, पार्किन्सनही नाही. कॉलेजात ज्याला दिव्यांग म्हटले, त्याला नोकरीच्या वेळी त्या गटात जागा नाही! २००९ मध्ये सुरू झालेली दिव्यांगांची केंद्रीय पेन्शन तर गरीब कुटुंबातील ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ठरविली गेली. तिच्यातील केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये झाला. उलट, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे हा आजार १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत उपचारखर्चाच्या सवलतीसाठी नोंदला गेला, पण एकवीस प्रकारांत त्याचे नाव नाही. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे ध्येय ठेवले गेले. पण तो आजार असलेल्या तरुणाला नोकरीच्या राखीव जागांत स्थान नाही. एकच शरीर, एकच दुखणे. पण टेबल बदलले की त्याचा वर्ग बदलतो.

आता कोणी म्हणेल, माणसांची अशी वर्गवारी करणे हेच मुळी वाईट. देवाने प्रत्येकाला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले आहे, त्याला रकान्यात कोंबू नये. ऐकावयास हे गोड वाटते. पण ज्याला मदत पाहिजे त्याच्या हाती यातून काही पडत नाही. सरकारजवळचा पैसा मोजका असतो, म्हणून कोठेतरी रेषा ओढावीच लागते. रेषा ओढणे हे पाप नव्हे. ती कोठे ओढली व का ओढली, हे ज्याच्या अंगावरून ती जाते त्यालाच न सांगणे, हा अन्याय होय.

२०११ च्या जनगणनेकडे पाहा. तिच्यात देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, भरली. त्यांची आठ प्रकारांत विभागणी होती. त्यांतील एका रकान्याचे नाव होते ‘इतर’. त्या एका रकान्यात सुमारे ४९ लाख माणसे आहेत. दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. म्हणजे जवळजवळ तितकीच माणसे या देशात ‘इतर’ या नावाने मोजली गेली. अपंग, विकलांग, निःशक्त, दिव्यांग असे शब्द आपण बदलीत आलो. ‘इतर’ हा शब्द मात्र तसाच राहिला.

पवित्र शास्त्रात जुनाट दुखण्याची एक मोठी कथा आहे. मार्काच्या पाचव्या अध्यायातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित होती. तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले होते, जवळचे सर्व खर्चून टाकले होते, आणि तिचे दुखणे वाढलेच होते. नियमशास्त्रात तिच्यासाठी वर्ग होता. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे ती अशुद्ध होती. स्राव थांबल्यावर सात दिवस मोजून, आठव्या दिवशी अर्पण घेऊन परत येण्याची वाटही तेथे सांगितलेली आहे. पण जिचे दुखणे थांबतच नाही तिने सात दिवस मोजावयास कधी आरंभ करावा? नियमात आजाराला शेवट धरलेला होता. तिच्या आजाराला शेवट नव्हता.

आजही जुनाट रोग्याची अडचण हीच आहे. तपासणी मंडळापुढे तो ज्या दिवशी उभा राहतो, त्या दिवशीचे त्याचे शरीर मोजले जाते. पाय तुटला असेल तर तो आजही तुटलेला आहे व उद्याही. पण सिकलसेलच्या वेदना मंडळाची तारीख पाहून येत नाहीत. रक्त नुकतेच चढविलेल्या मुलाचा थकवा त्या दिवशी दिसत नाही. ज्या मोजपट्टीने कायम व्यंग मोजावे, त्याच मोजपट्टीने येणारे-जाणारे दुखणे मोजले की माप चुकते.

त्या स्त्रीने गर्दीत वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा प्रभूने काय केले? मला कोणी स्पर्श केला, असे त्याने विचारले. शिष्यांना हा प्रश्न निरर्थक वाटला. इतकी गर्दी चेंगरत असताना असे काय विचारता, असे ते म्हणाले. पण प्रभू थांबून सभोवार पाहत राहिला. त्याला गर्दीतून एक माणूस हवे होते. ती पुढे आली, तिने सर्व खरे सांगितले, आणि ज्या स्त्रीला कोणी जवळ करीत नव्हते तिला त्याने मुलगी म्हटले.

दाविदाच्या दोन प्रश्नांतील भेद येथे उलगडतो. चोविसाव्या अध्यायातील मोजदाद तलवार धरणाऱ्यांची होती. राजाला आपले बळ पाहावयाचे होते. त्या गणतीत मफीबोशेथाचा अंतर्भाव होणे शक्यच नव्हते. नवव्या अध्यायातील प्रश्न, जो नजरेआड झाला आहे त्याला शोधण्यासाठी होता. मोजणे पुण्य की पाप, हे मोजण्याच्या हेतूवर ठरते. मेंढपाळही मोजतोच, मोजल्यावाचून शंभरातले एक हरवले हे त्याला कसे कळले असते?

राहिला वडिलांचा आक्षेप. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्याला आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो. सेवकाला नम्रपणे हिशेब विचारणे हे बंड नव्हे. खुद्द पौलाने फिलिप्पै येथे आपले रोमी नागरिकत्व पुढे केले व पुढे कैसराकडे दाद मागितली. त्यामुळे त्याची प्रार्थना थांबली नाही. ईयोब तर आपल्या चांगल्या दिवसांचे वर्णन करताना एकोणतिसाव्या अध्यायात सांगतो की, अनोळखी माणसाच्या तक्रारीचाही तो तपास करीत असे. दानधर्माइतकाच तपासही त्याने धार्मिकतेत गणला.

आपल्या देशात हा तपास सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे अंमलात आला. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही; अर्ज हिंदीत चालतो; माहिती का पाहिजे याचे कारण द्यावे लागत नाही; तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे, न मिळाल्यास अपील करता येते. मात्र अर्ज नीट विचारलेला असावा. तो अर्ज, माझ्या मुलाला पेन्शन द्या, असे मागण्याचा नव्हे. एकवीस प्रकारांपैकी प्रत्येकात गेल्या पाच वर्षांत किती अर्ज आले, किती प्रमाणपत्रे दिली, किती ४० टक्क्यांखाली धरली, किती नाकारली, कायमची किती व मुदतीची किती, आणि कमी-अधिक होणाऱ्या आजाराचे माप कोणत्या लेखी आदेशाप्रमाणे घेतात, असे प्रश्न विचारावेत. कार्यालयाजवळ जी नोंद आहे तीच मिळते. नवीन तक्ता करून देण्यास ते बांधलेले नाही. परंतु अशी नोंद ठेवलेली नाही, एवढेच उत्तर आले तरी तेही फार मोठे उत्तर आहे. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी तरतूद कशी होणार?

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आपण संख्या मागावी, नावे मागू नयेत. एखाद्या लहान तालुक्यात हिमोफिलियाचा एकच रोगी असेल, तर ‘एक’ हा आकडाही त्याचे घर दाखवितो. म्हणून लहान ठिकाणांचे आकडे एकत्र करून मागणे योग्य. हीच काळजी आपण प्रार्थनासभेतही घ्यावी. एखाद्या बहिणीचे दुखणे तिला न विचारता सर्वांसमोर नावानिशी सांगणे ही दया नव्हे. प्रभूने त्या स्त्रीला बोलू दिले. तिच्या वतीने तो बोलला नाही.

आणि सरकारला विचारण्यापूर्वी मंडळीने स्वतःलाही विचारावे. आपल्या सभासदांच्या यादीत जुनाट दुखणे घेऊन जगणारे किती आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे काय? हात मोडलेल्याला आपण भेटावयास जातो, ऑपरेशन झालेल्याच्या घरी डबा पाठवितो. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्याकडे पहिल्या महिन्यानंतर कोण जाते? फेफरे येणाऱ्या मुलीला शब्बाथ शाळेच्या नाटकात काम देतात काय? दीर्घ आजारापुढे सरकारी नियमच नव्हे, तर आपली दयाही थकते. आपल्याही मनात एक ‘इतर’ नावाचा रकाना आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. मफीबोशेथाचा धडा शिकविताना दाविदाच्या दयेवर थांबू नये. त्या दयेच्या आधी त्याने प्रश्न विचारला होता, हेही मुलांना दाखवावे. सीबाजवळ माहिती होती, पण विचारीपर्यंत त्याने ती सांगितल्याचे शास्त्रात आढळत नाही.

त्या बुधवारी बोलता बोलता बराच उशीर झाला. शेवटी अर्ज लिहावयाचे ठरले, पण शुद्ध हिंदीत व सुवाच्य अक्षरांत लिहिणार कोण, असा प्रश्न निघाला. ज्या वडिलांनी शंका काढली होती ते अनेक वर्षे शिक्षक होते. त्यांनी चष्मा पुसला व कागद मागितला. अर्ज लिहून झाल्यावर त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचून दाखविला, मुलाच्या वडिलांनी सही केली, आणि मग आम्ही सर्वांनी प्रार्थना केली.