किती वर्षं राहणार?

फ्लॅटचा ताबा मिळाला त्या आठवड्यात माझ्या फोनवर नुसत्या लाकडी फरश्यांच्या रील्स येत होत्या. ओक, मेपल, अक्रोड. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलंय, तर निदान एका खोलीत अनवाणी पायाला लाकूड लागावं, एवढीच इच्छा होती. दहा बाय अकराची खोली. आई म्हणाली, लादी पुसायला सोपी आणि पावसाळ्यात फुगत नाही. तिचं बरोबरच होतं. म्हणून मी वाद घातला नाही, गुपचूप दुकानं पालथी घालत राहिलो.

दुकानात तीन प्रकार कळले. लॅमिनेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या पाटीवर चिकटवलेला लाकडाचा फोटो. इंजिनिअर्ड, म्हणजे प्लायवर खऱ्या लाकडाचा काही मिलिमीटरचा थर. आणि सॉलिड, म्हणजे वरपासून खालपर्यंत लाकूड. ओरखडे पडले की घासून, पॉलिश करून पुन्हा नवं. "बर्मा टीक घ्या, पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको," दुकानदार म्हणाला. ते खरंच बर्मातून आलंय का, हे त्यालाही सांगता येईना.

रात्री त्या दोन शब्दांमागे लागलो. साग निसर्गतः फक्त चार देशांत उगवतो: भारत, म्यानमार, लाओस आणि थायलंड. थायलंडने १९८९मध्ये नैसर्गिक जंगलांतली तोड बंद केली. म्यानमारने २०१४मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, पण कापलेलं लाकूड बाहेर जातच राहिलं. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्याच वर्षी अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा लष्कराच्या हाती जात होता. भारताने असे निर्बंध घातलेले नाहीत. म्हणजे मी ते लाकूड घेतलं असतं, तर रीतसर बिलासकट घेतलं असतं.

मनाने लगेच वकिली सुरू केली. झाड तर कधीच पडलंय. मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. माझ्या एकशे दहा चौरस फुटांनी कुठल्या लष्कराचं काय अडणार आहे? पण दुकानदार विकलेल्या मालाची जागा रिकामी ठेवत नाही, तो पुन्हा ऑर्डर देतो. पडलेल्या झाडाचे पैसे देताना मी पुढच्या झाडाचाही इसार देत असतो.

मग माप घ्यायला सुतारकाका आले. टेप गुंडाळताना सहज विचारलं, "किती वर्षं राहणार इथं?"

"सात-आठ. मग मोठा बघू."

"मग साग कशाला मारता? चांगला साग व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात."

मी इतके दिवस 'कुठलं लाकूड' एवढंच विचारत होतो. ते किती काळ वापरणार, हे मनातही आलं नव्हतं. झाडाने जितकी वर्षं वाढण्यात घातली, निदान तितकी वर्षं ते लाकूड वापरात राहावं, हा हिशोब मला न्याय्य वाटतो. मात्र तो पुरेसा नाही. मुंबईच्या गोदीत १८१७मध्ये बांधलेली सागवानी एचएमएस ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त! पण ती साम्राज्याची युद्धनौका होती, आणि असल्या नौकांसाठी मलबारची जंगलं रिती झाली. टिकलं म्हणून ते निर्दोष ठरत नाही. किती टिकेल आणि कुणाकडून आलं, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

बरं, लॅमिनेट घासून नवं करता येत नाही. खराब झालं की थेट कचऱ्यात. लादीही काही देवाघरून येत नाही, ती बाराशे अंशांच्या आसपास भाजावी लागते. पूर्ण स्वच्छ असं काहीच नाही. इथे आपण बहुतेक जण हात झटकतो: सगळंच वाईट, मग काय फरक पडतो? पडतो. सगळ्याला डाग आहे म्हणजे सगळे डाग सारखे असं नव्हे.

शेवटी काकांनीच जुन्या लाकडाच्या वखारीत नेलं. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, दारं, खिळ्यांची भोकं पडलेल्या फळ्या. रंधा मारल्यावर आतून तोच मधासारखा रंग. फळ्या आम्ही गोंदाने चिकटवल्या नाहीत, खाली पट्ट्या टाकून स्क्रूने बसवल्या. पावसाळ्यात फुगायला भिंतीलगत बोटभर फट सोडली. उद्या मी गेलो तर त्या उचलून दुसरीकडे लावता येतील.

वखारवाल्याला मी विचारलं होतं, हा वाडा कुणाचा? तिथले भाडेकरू कुठे गेले? तो म्हणाला, "ते आपल्याला कुठं ठाऊक, आपण फक्त लाकूड घेतो."

मीही फक्त लाकूडच घेतलं. आईला खोली आवडली. ती पुसताना खिळ्यांच्या भोकांवर थांबते आणि विचारते, "इथं काय ठोकलेलं असेल रे?" मला सांगता येत नाही.