वाराची बाटली

गेल्या वर्षी गणपतीला गावी निघताना शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि दारातूनच सांगितलं, "माशांना रोज चिमूटभर खाणं घाला, आणि त्या बाटलीतलं अर्धं झाकण पाण्यात." चिमूट केवढी, ते सांगायचं राहिलं. काकूंच्या हाताला आठ माणसांच्या स्वयंपाकाची सवय. त्यातून घरात कुणी नाही, बिचारे उपाशी राहतील, म्हणून त्यांनी मायेनं थोडं जास्तच घातलं. उरलेलं खाणं तळाशी कुजलं. त्यातून अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये असतात, पण अचानक वाढलेला भार त्यांना पेलत नाही. आम्ही परतलो तेव्हा तीन एंजल मासे गेले होते. काकूंनी ते गुलाबाच्या कुंडीत पुरले होते.

"माझ्या हातून झालं हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "जाऊ द्या, काकू."

ते उत्तर मला अजून बोचतं. 'जाऊ द्या' म्हणताना चूक त्यांचीच, असं मी धरून चाललो होतो. चूक माझी होती. इतक्या वर्षांत माझ्या हातात मुरलेला अंदाज मी दोन वाक्यांत त्यांच्या गळ्यात घातला होता. त्यानंतर कितीतरी दिवस काकू घरी आल्या की टाकीकडे पाठ करून बसायच्या.

यंदा निघण्याच्या आदल्या रात्री होमिओपॅथीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि बिनसुईची सिरिंज घेऊन बसलो. टाकीत पाणवनस्पती आहेत. त्यांना नायट्रेट-फॉस्फेटचं खत एक दिवस आणि लोहाचं दुसऱ्या दिवशी द्यायचं, कारण फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की त्यांचा साका बनतो आणि तो झाडांच्या फारसा कामी येत नाही. काकूंना हे सगळं कशाला कळायला हवं? त्यांनी फक्त वार वाचायचा आणि त्या वाराची बाटली टाकीत रिकामी करायची. खाण्याच्या पुड्या दिवसाआडच्याच बांधल्या; धडधाकट मोठे मासे चार दिवस उपाशी राहिले तरी तगतात. खताच्या मोठ्या बाटल्या आणि खाण्याचा डबा कपाटात बंद केला. हा अविश्वास नव्हे. रोज तिथे उभं राहून 'एवढं पुरे का?' असं स्वतःला विचारायची पाळी दुसऱ्यावर आणणं, हे मला आता अन्यायाचं वाटतं.

काकूंनी बाटल्या हातात घेतल्या, पण चेहरा अवघडलेलाच होता. "एखाद्या दिवशी राहिलं तर?"

"राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन मात्र नका टाकू. आणि काकू, गेल्या वर्षीचं माझ्यामुळे झालं होतं. मी नीट सांगितलंच नव्हतं."

त्या काही बोलल्या नाहीत. किल्ली पदराच्या गाठीला बांधली.

आठव्या दिवशी परतलो. टाकीशेजारी सहा रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. शुक्रवारची तेवढी भरलेली उभी होती आणि तिच्याखाली कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी होती: "नातीला ताप होता, विसरले. शनिवारी एकच टाकली."