भांडण मिटलं, हिशेब राहिला

अमेरिकेचा दाखला देण्याची सध्या टूम आहे. तिथं यादवी झाली, गुलामगिरी गेली, उत्तर-दक्षिण पुन्हा एक झाले. मग आपणच जुनं का उकरत बसायचं? असं कुणी व्यासपीठावरून म्हटलं की टाळ्या पडतात. मला शंका आहे ती त्या ‘एक झाले’वर.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकनांना. तेव्हा दक्षिणेत संघराज्याची फौज होती, काळे लोक मत देत होते, निवडूनही येत होते. चारच वर्षांनी, 1877 मध्ये, फौजेनं पाठ फिरवली आणि गोऱ्या उत्तरेनं गोऱ्या दक्षिणेच्या गळ्यात गळा घातला. एकी झाली ती ही. जमिनीचा निकाल तर आधीच लागला होता. जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मननं किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त कुटुंबांना द्यायचा हुकूम काढला; लिंकननंतर आलेल्या जॉन्सननं त्याच वर्षी तो फिरवून जमीन जुन्या मालकांना मोकळी करून दिली. सुटलेला गुलाम बटाईनं राबू लागला, दुकानदाराच्या उधारीत.

भंडाऱ्याच्या माणसाला हे परकं वाटू नये. इथल्या मामा तलावांचं नावच बोलकं आहे: मामा म्हणजे माजी मालगुजारी. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. पण मालगुजाराची सीर आणि खुदकास्त, म्हणजे घरवहिवाटीची, जमीन त्याच्याकडेच राहिली. तिथल्या धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा सालदार सालदारच राहिला. साल भरल्यावर उचल वजा जाता हातात काय उरतं, यावर त्याचं स्वातंत्र्य ठरायचं. भंडारा आणि मिसिसिपी एकच, असं मी म्हणत नाही. तिथं माणूस बाजारात विकला जात होता, युद्धात सहा लाखांवर माणसं मेली. पण मालक कोण, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच टाळला गेला.

शिक्षणानं सगळं आपोआप सुधारेल म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही. खैरलांजीत मारली गेलेली मुलगी शिकतच होती. समेटवाद्यांचं मात्र ऐकून घ्यावं लागतं, कारण त्यांच्या हाती योजना आहे. 29 सप्टेंबर 2006 ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एकाच दलित घरातली चार माणसं मारली गेली. वर्ष उलटायच्या आत, 15 ऑगस्ट 2007 ला, राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. खैरलांजीमुळेच सुरू झाली, असा माझा दावा नाही. भाऊबंदकीच्या, बांधाच्या भांडणांत मोहिमेतल्या गावसमित्यांनी कोर्टाच्या खेपा वाचवल्या, हेही खरं. पण समिती बसते तेव्हा ती दोन बाजूंमधलं अंतर निम्मं करते. खैरलांजीत एकाकडे गाव, पंचायत, नातीगोती. दुसऱ्याकडे पाचेक एकर आणि त्यातूनच गावाला हवी असलेली वाट. इथं निम्म्यावर तोडगा म्हणजे दुबळ्याच्या निम्म्याला हात घालणं. समेटवाले म्हणतात, आधी शांतता, मग न्याय. बरं, त्या ‘मग’ची तारीख कोणती? अमेरिकेत मतदानाच्या हक्काचा परिणामकारक कायदा यायला 1965 उजाडलं.

म्हणून मी पुन:पुन्हा एकच भेद सांगतो, लोकांना कंटाळा येईपर्यंत: भांडण मिटणं वेगळं, हिशेब मिटणं वेगळं. भांडण दोघांच्या तोंडात असतं, हिशेब कागदावर. राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत मांडली, ती या हिशेबाचीच. (1954 मध्ये याच भंडाऱ्यानं त्यांना लोकसभेच्या पोटनिवडणुकीत पाडलं. तो विषय वेगळा, पण आठवतो.) खैरलांजी खटल्यात 2008 मध्ये आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी सुनावली गेली, 2010 मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. भांडणाचा निकाल लागला, जातीचा हिशेब कागदावर आलाच नाही.

तेव्हा तुमच्या गावात पुढच्या वेळी समेटाची बैठक बसली, तर चहा सांगण्याआधी दोन्ही बाजूंचे सातबारे मागवा.