न बोलावता ओठांवर येणारे गीत

वाचकहो, आपण दिवसातून किती वेळा गातो याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. मंडळीत उभे राहून, पुस्तक हाती धरून जे गातो ते आपल्या ध्यानात राहते. परंतु विहिरीवर बादली ओढताना, पाभरीमागे चालताना, सायकलवरून बाजारास जाताना, भाकरी थापताना जे गीत ओठांवर येऊन बसते त्याचे काय? ते आपण निवडलेले नसते. ते केव्हा सुरू झाले हेही ठाऊक नसते. शेजारचा मनुष्य हसला म्हणजे आपणास कळते की आपण गात होतो.

अशा गीताबद्दल मनुष्य जबाबदार आहे काय, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे बाळगून आहे. प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. मलाही एके काळी त्याचे उत्तर अगदी सोपे वाटत होते, आणि ते सोपे वाटले म्हणूनच माझ्या हातून एक चूक घडली. ती येथे सांगणे भाग आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी नगर जिल्ह्यातील एका लहान मंडळीचा पाळक होतो. गावात पिठाची गिरणी आली होती, तरी डाळ भरडण्यास आणि गिरणी बंद पडली म्हणजे दळण्यास घरोघरी जाते होतेच. एके पहाटे मी मंडळीतील एका वृद्ध विधवेच्या घरावरून जात असता आतून जात्याची घरघर व तिच्यासोबत ओवी ऐकू आली. पहिली ओवी देवाच्या नावाने म्हणावयाची ही आपल्याकडील जुनी रीत. आणि ते नाव आमच्या प्रभूचे नव्हते. मी दारात उभा राहिलो व म्हणालो, “मावशी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा हे सारे सोडले ना तुम्ही? मग पुन्हा तोंडात कसे?” ती बाई दचकली. पदर सावरून म्हणाली, “पाळकसाहेब, म्या म्हनलं न्हाई. दळाया बसले आन् आपसूक आलं.” मी तिला सांगितले की, जे अंतःकरणात असते तेच मुखावाटे येते, हे प्रभूचे शिक्षण आहे. तिने मान खाली घातली. मी पुढे गेलो, आणि आपले कर्तव्य नीट बजावले असे समाधान मानले.

माझ्या त्या बोलण्यात तर्क असा होता : ओठांवरचे गीत हा अंतःकरणाचा साक्षीदार; साक्षीदार जुन्या देवाचे नाव घेतो, तर अंतःकरण अजून तिकडेच आहे. हा तर्क मला पुष्कळ दिवस पटत होता. तो डळमळला तो एका अगदी हास्यास्पद प्रसंगाने. एका तरुणाचे प्रेत पुरून मी कबरस्तानातून परत येत होतो. त्या मुलाला मी लहानपणी मांडीवर घेतले होते आणि माझे मन खरोखर दुःखाने भरून गेले होते. वाटेत माझ्या ध्यानात आले की मी काहीतरी गुणगुणत आहे. ते होते चहाच्या भुकटीच्या जाहिरातीचे गाणे! रेडिओवर ते दिवसातून दहा वेळा लागत असे. मी शरमेने इकडे तिकडे पाहिले. परंतु मग मनात आले की, माझ्या अंतःकरणात त्या वेळी चहा होता काय? साक्षीदार खोटे बोलत होता. निदान, त्याला जे विचारले जात होते त्याविषयी तो बोलत नव्हता.

आणि हे जर खरे, तर त्याची दुसरी बाजूही खरी मानली पाहिजे, जी आपणा मंडळीतल्या लोकांस तितकीशी आवडणार नाही. एक दुकानदार मला ठाऊक आहे. तो दिवसभर भजने गुणगुणतो; आवाजही गोड आहे. गात गात तो धान्य जोखतो आणि गात गातच तराजूला करंगळी लावतो. तो ढोंगी आहे असे मी म्हणत नाही. ढोंग करण्यास ध्यान द्यावे लागते. त्याचे भजन श्वासासारखे चालू असते आणि करंगळीही श्वासासारखीच चालते. जात्यावरची ओवी जर त्या बाईच्या मूर्तिपूजेचा पुरावा, तर हे भजन त्याच्या भक्तीचा पुरावा मानावे लागेल. मी ते मानावयास तयार नाही.

दुष्ट विचारांविषयी उपदेशक एक दृष्टान्त देत असतात : पक्षी डोक्यावरून उडाले तर आपला इलाज नाही, पण त्यांना केसांत घरटे बांधू देऊ नये. विचारांस हा दृष्टान्त लागू पडतो. गीतास लागू पडत नाही, कारण गीत हे उडत येणारे पाखरू नव्हे. त्याचे घरटे आधीच बांधलेले असते, आणि बहुधा ते आपण बांधलेले नसते. कोणीतरी, केव्हातरी, आपल्या ऐकण्यात ते गाइले. ज्या वयात आपण निवड करू शकत नव्हतो त्या वयात ते आत शिरले. म्हणून ते आपल्या अंतःकरणाविषयी फारसे सांगत नाही. ज्यांच्या सहवासात आपण वाढलो त्यांच्याविषयी मात्र पुष्कळ सांगते.

संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मवृत्तात गायनाविषयी मोठी धास्ती व्यक्त केली आहे. गीतातील अर्थापेक्षा स्वरानेच आपले मन अधिक हलले, तर ते आपण पाप समजतो, असे तो कबूल करतो. आणि तरीही मंडळीत गाण्याची चाल असावी याच मताकडे तो अखेर झुकतो. हा भाग उपदेशात पुष्कळदा ऐकू येतो. परंतु त्याच ग्रंथात याच्या आधी आलेली एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. 387 साली ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. तिला मूठमाती देताना त्याने डोळ्यांतून टिपूस काढले नाही. स्नानाने शोक हलका होतो असे ऐकून तो स्नानास गेला. काही उपयोग झाला नाही. मग तो झोपला, आणि जागा झाला तेव्हा बिछान्यावर एकटा पडलेला असता बिशप अम्ब्रोज याचे संध्याकाळचे एक गीत त्याला आठवले. ते गीत मृत्यूविषयी नाही; सृष्टिकर्त्याने थकलेल्यांस रात्र व झोप दिली याविषयी आहे. त्यानंतर हळूहळू आईची आठवण दाटून आली व त्यास रडू कोसळले. एवढा मोठा पंडित. सांत्वनाची सारी वचने त्याच्या मुखोद्गत होती. ती काम करीनात. काम केले ते न बोलावता आलेल्या गीताने.

याहूनही मोठी गोष्ट आपण जाणतो, पण या दृष्टीने तिजकडे पाहत नाही. वधस्तंभावर असह्य वेदनांत आपल्या प्रभूच्या मुखातून जी आरोळी निघाली ते बाविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द आहेत. ती इस्राएल लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची गीते. शेवटच्या भोजनानंतरही तो शिष्यांसह स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेला होता. ती गीते त्याच्या कानी प्रथम कोणी घातली असतील? नासरेथातल्या त्या घरात कोणी काम करता करता गात असेलच ना? शास्त्र याविषयी काही सांगत नाही, म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे जबाबदारीचा प्रश्न गाणाऱ्याकडे नेण्याआधी, त्याच्या कानी गीत घालणाऱ्यांकडे नेला पाहिजे. येथे आपण मंडळी म्हणून कोठे उभे आहोत? चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमाहून रोमेतील मार्सेला नावाच्या बाईस लिहिलेले एक पत्र संत जेरोमच्या पत्रांत आढळते. त्यात तिकडील शेतांचे वर्णन आहे : नांगर धरणारा हालेलुया गातो, कापणी करणारा स्तोत्रांनी आपले श्रम हलके करतो, द्राक्षवेली छाटणारा दाविदाचे काही गात असतो. वर्णनात थोडी अतिशयोक्ती असेल. मैत्रिणीस बोलावणे धाडताना ती होतेच. परंतु आमच्या शिवारात याच्या निम्मे तरी ऐकू येते काय?

आमच्याकडे हे ज्यांनी ओळखले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईस झाला आणि 1919 साली ते प्रभूकडे गेले. विलायती चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांस मराठी मनुष्य मान देईल, पण ती त्याच्या जिभेवर घर करणार नाहीत, हे त्यांनी जाणले व अभंगाची, भजनाची चाल धरली. त्यांच्याही आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाने हीच वाट मोकळी केली होती. आजही ‘उपासना संगीत’ उघडून मंडळी कोणत्या पानाशी मनापासून गाते ते पाहावे. ऑर्गनवरच्या गीताला आपण नीट उभे राहतो. भजनाला टाळी आपोआप पडते. आणि खुरपताना, कापूस वेचताना बायांच्या तोंडी जी काही ख्रिस्ती गीते मी ऐकली ती बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची होती. पण तीही थोडीच. रविवारी दीड तास गाऊन आपण पुस्तक कपाटात ठेवतो, आणि उरलेला आठवडा मुलांच्या कानांवर मोबाइलचा ताबा असतो. मग मुलगा नको ते गाणे गुणगुणतो म्हणून त्याला रागे भरतो. त्याने ते आणावे कोठून? आपण त्याच्यासमोर काही गाइलो होतो काय?

आता पुन्हा त्या जात्याकडे येतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील काही पुढे माझ्या वाचनात व ऐकण्यात आल्या. आरंभी देवाचे नाव असते हे खरे. पण ते बरेचसे दार उघडल्यासारखे. आत गेल्यावर भेटते ते माहेर, आई, पाठचा भाऊ, लेकीची पाठवणी, सासरचा जाच, सीतेचा वनवास. पुष्कळ बायांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ही गीते कोणी छापून दिली नव्हती. आईच्या मांडीला डोके टेकून पेंगत असलेल्या मुलीच्या कानांत ती पहाटेच्या अंधारात उतरली. मी त्या दारात उभा राहून जे बंद केले ते एका देवाचे नाव आहे अशी माझी समजूत होती. खरे पाहता मी तिच्या आईचे तोंड बंद केले होते.

हे मला समजले ते ती अंथरुणास खिळली तेव्हा. रागे भरल्याच्या प्रसंगास नऊदहा वर्षे झाली होती. माझी बदली दुसऱ्या मंडळीत झाली होती. निरोप आला म्हणून गेलो. उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. काही विचारले तर एकच शब्द निघे, “व्हय.” नको असले तरी “व्हय”च.

1745 साली स्वीडन देशातील ओलोफ दालिन याने एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत लिहून ठेवली आहे, ती थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या वाचनात आली होती. त्याचेही उजवे अंग गेले होते व “होय” यापलीकडे त्यास काही बोलता येत नव्हते. परंतु दुखण्यापूर्वी पाठ असलेली काही स्तोत्रे तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट गाई. मात्र आरंभ कोणीतरी करून द्यावा लागे. मेंदूच्या ज्या भागाच्या बळावर आपण बोलतो तो बिघडला तरी गाणे कित्येकदा शाबूत राहते, हे आता वैद्य लोक जाणतात व त्यावरून उपचारही करतात.

म्हणून मी तिच्या खाटेजवळ बसून मंडळीत तिला आवडणारे एक भजन सुरू केले. तिचे ओठ हलले, दोन शब्द उमटले, आणि थांबले. प्रौढपणी शिकलेले ते भजन तेवढे खोल गेले नव्हते. मी सुनांस विचारले, “आत्याबाई जात्यावर काय म्हणत असत? तुमच्यापैकी कोणी ते सुरू करा.” दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. धाकटी म्हणाली, “आमाला न्हाई ठावं. म्या आल्यापासून आत्याबाई जात्यावर गप्पच बसायच्या.”

त्या घरात तिची एकच ओवी कोणास ठाऊक होती, ती मला. कारण तिलाच मी दोष लावला होता. त्या ओवीत कोणाचे नाव आहे हे मी जाणून होतो. मी ती सुरू केली. याबद्दल काही वाचक मला दोष देतील, देवोत. माझा आवाज चांगला नाही आणि चालही चुकली असावी, कारण तिने कपाळाला आठी घातली. मग तिने माझ्या हातून ओवी काढून घेतली. शब्द न्‌ शब्द स्पष्ट होता. पहिली संपवून ती दुसरीवर गेली, डावा हात खाटेच्या कडेवर खुंटा धरल्यासारखा फिरू लागला, आणि धाकटी सून कामे टाकून पायथ्याशी येऊन बसली. तिसऱ्या ओवीत एका भावाचे नाव आले. त्याला वारून तीस वर्षे झाली होती, असे थोरल्या सुनेने मला मागाहून सांगितले.