पाठ आणि धार

माझ्या खिशात एक चाकू असतो. सौभाग्यवतींच्या मते तो पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे कामाचा नाही. त्याचं पातं वॉर्नक्लिफ जातीचं. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याने एकोणिसाव्या शतकात लॉर्ड वॉर्नक्लिफच्या नावाने ते काढलं. धार पट्टीसारखी सरळ. पाठ मात्र वाकत वाकत टोकाशी धारेला मिळते.

साहेबांपुढे वाकताना मी हाच दाखला मनात घोळवतो. पाठ वाकली म्हणून काय झालं? धार सरळ आहे ना!

परवा साहेब एका म्हाताऱ्या खातेदारावर ओरडले. चूक माझी होती. मी खाली वाकून कागद चाळत राहिलो.

रात्री चाकू उघडून पाहिला. त्याची पाठ वाकते ती धारेला भेटायला. माझी वाकली ती धारेला चुकवून!

उद्या साहेबांसमोरच म्हातारबुवांची माफी मागायचीय. पेन्सिलीला टोक तेवढं काढून ठेवलंय.