खाडा

नगरमधल्या सावेडीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली बोटभर पेन्सिल लोंबत असायची. दुधाचा रतीब दीड लिटरचा. दूधवाला आला की आई काही लिहीत नसे. आला नाही, तर त्या तारखेच्या चौकोनात एक बारीक ‘खा’. पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त घेतलं, तर ‘जा ॥’. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा ‘खा’ त्याच चौकोनात, पण खालच्या कोपऱ्यात. महिना संपला की आई कॅलेंडर खिळ्यावरून उतरवायची, तीस दिवसांतून खाडे वजा करायची, लिटरच्या भावानं गुणायची आणि पाच मिनिटांत हिशेब मोकळा. खाड्यावरून दूधवाल्याशी भांडण झालेलं मला आठवत नाही. त्याच्याकडे लग्न असेल, म्हैस आटली असेल, पाऊस असेल. खाडा पडला की तेवढे पैसे वजा होत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलची घंटा वाजे.

त्या नोंदवहीची रीत आज मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यात हजेरी गृहीत होती आणि लिहायची ती गैरहजेरी. माणूस रोज येणारच, हा विश्वास आधी. न येण्याला काही कारण असणार, हाही विश्वासच.

माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतो. आजीजवळ सावेडीतच राहतो आणि दिल्ली गेटकडच्या एका अभ्यासिकेत बसतो. त्याच्या मोबाइलमध्ये सवयींची नोंद ठेवणारं अॅप आहे. पहाटे 5 ला उठणं, धावणं, ध्यान, वर्तमानपत्र, उत्तरलेखनाची दोन पानं. प्रत्येकापुढे हिरवी खूण आणि सगळ्यांच्या वर सलग दिवसांचा आकडा. तो आकडा 47 वर पोचला होता त्या रात्री माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. पोरानं रिक्षा आणली, तिला दवाखान्यात नेलं, रात्रभर बाकावर बसून काढली. सकाळी ती बरी आहे असं कळल्यावर घरी येऊन त्यानं मोबाइल पाहिला, तर वर शून्य. पुढचे तीन आठवडे त्यानं पुस्तक उघडलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मामा, साखळीच तुटली. आता पुन्हा एकपासून.”

मला त्या शून्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. 47 दिवसांत त्यानं जे वाचलं, लिहिलं, जे अंगवळणी पाडलं, ते एका रात्रीत कुठे गेलं? ते शून्य सरळसरळ खोटं आहे. आणि त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात मोठं काम, म्हातारीला वेळेवर दवाखान्यात नेण्याचं, त्या अॅपच्या लेखी चुकारपणा ठरलं.

हे मी केवळ मायेपोटी म्हणत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. प्रत्येकानं एक साधी सवय निवडायची, जेवणासोबत फळ खाणं किंवा जेवणाआधी धावणं अशी, आणि ती आपोआप होऊ लागेपर्यंतचे दिवस मोजायचे. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे वाक्य व्याख्यानांतून आपण इतकं ऐकलं आहे की ते पंचांगात असल्यासारखं वाटतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लॅलींच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 पुरले, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कोणी व्याख्यानात सांगत नाही. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नव्हता. म्हणजे खाडा सवयीला मारत नाही. खाड्यानंतर जे शून्य दाखवलं जातं, ते माणसाचं अवसान घालवतं.

मग काटेकोर नेम पाळणाऱ्यांचं काय? आता आपल्या नगर जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं, त्यांच्या दिनक्रमाकडे पाहू. अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांच्या रोजच्या दिवसाचा तपशील जॉन माल्कमनं मध्य हिंदुस्थानावरच्या 1823 सालच्या ग्रंथात दिला आहे. अहिल्याबाई 1795 मध्ये गेल्या. माल्कमनं त्यांना पाहिलं नव्हतं, माळव्यातल्या जाणत्या लोकांकडून त्यानं माहिती गोळा केली. उजाडण्याआधी तासभर उठणं, पूजा, पोथीचं श्रवण, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती. दुपारी 2 वाजता दरबार, तो बहुधा संध्याकाळी 6 पर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडंसं खाणं, आणि रात्री 9 ते 11 पुन्हा राज्याचं काम.

या दिनक्रमातली पहाट उचलून तिची सुभाषितं करणं सोपं आहे, आणि जयंतीच्या भाषणांत तेच होतं. माझं मन दुपारच्या 2 वाजण्यापाशी अडतं. दूरच्या गावाहून त्यांच्या राजधानीला, महेश्वरला निघालेल्या फिर्यादीला बाई किती वाजता उठतात याच्याशी कर्तव्य नव्हतं. बाई दुपारी गादीवर बसतात आणि आपलं ऐकून घेतात, एवढं ठाऊक असलं की त्याला दोन दिवसांची पायपीट करायला हिंमत यायची. नेम हा असा दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. पहाटेचे सगळे सोपस्कार त्या दुपारच्या तयारीसाठी. पहाटे उठायला सांगणाऱ्या आजच्या पुस्तकांमध्ये ही दुपार नाहीच. 5 ला उठून, थंड पाण्यानं न्हाऊन, ध्यान करून ताजातवाना झालेला माणूस पुढे कुणाच्या उपयोगी पडतो, हे त्या पुस्तकांतून कळत नाही.

माल्कमनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. या क्रमात फरक पडे तो उपास, सणवार आणि राज्यावरचे प्रसंग यांमुळेच. म्हणजे तिथंही खाडे होते. त्यांची कारणं सगळ्यांना ठाऊक होती आणि मान्यही होती.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेमाची दुसरी कहाणी आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले नेते पकडून इथे आणले गेले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, आपले शंकरराव देव. सुटकेची तारीख नाही, बाहेरचं काम नाही. मौलाना आझाद तीन-चारच्या सुमाराला उठत, स्वतःच्या हातानं चहा करत, बिनदुधाचा, चमेलीच्या वासाचा चिनी चहा, आणि त्या एकांतात लिहायला बसत. ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रं तिथली आहेत. ती मित्राच्या नावानं लिहिलेली, पण तुरुंगातून धाडायची सोय नव्हती म्हणून जवळच राहिलेली. पहाटेच्या शांततेचं इतकं सुंदर वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि ते आपल्या गावात, चांदबिबीच्या या किल्ल्यात लिहिलं गेलं, याचा मला अभिमान आहे.

1943 च्या वसंतात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे काही मागायचं नाही, असं आझादांनी ठरवलं. दिनक्रम जसाच्या तसा चालू ठेवला. दुपारी वर्तमानपत्र घेऊन जेलर यायचा. त्याच्या पावलांचा आवाज आला की त्यांचं काळीज धडधडू लागे, तरी तो आत आला की ते हसून पेपर टेबलावर ठेवायला सांगत आणि लिहिण्यात गढल्यासारखे राहत. 9 एप्रिलला बेगम गेल्या. हे सगळं त्यांनी दोनच दिवसांनी एका पत्रात लिहिलं आणि बाहेरून दिसणारी ती शांती म्हणजे आपण घातलेलं सोंग होतं, असं स्वतःच कबूल केलं.

त्या दिवसांची कुणी नोंद ठेवली असती, तर एकही खाडा दिसला नसता. चहा झाला, लेखन झालं, जेवणं वेळेवर झाली. रकाने भरलेले. खाली काय चाललं होतं ते फक्त पत्रात आहे. त्या नेमानं त्यांना उभं ठेवलं, हे मला मान्य आहे. पण सलग खुणांची रांग माणसाबद्दल किती कमी सांगते, तेही तिथंच कळतं. नेहरूंचं उलटं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी या किल्ल्यात एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत लिहिलं. त्याआधीचे वीस महिने पुस्तकाच्या नावानं रकाना कोरा. त्या काळात ते वाचत होते आणि किल्ल्यातली दगडगोट्यांची, पडक्या बांधकामाच्या ढिगाऱ्याची जमीन खणून बाग करत होते. कोऱ्या रकान्यांत काय पिकत असतं ते मोजणाऱ्याला दिसत नाही.

मग नोंद ठेवूच नये का? ठेवावी, आणि कशी ठेवावी हे शहराजवळच्या हिवरे बाजारला जाऊन पाहावं. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले तेव्हापासूनची या गावाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला पाण्याचा ताळेबंद महत्त्वाचा वाटतो. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी पाहायची, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी पिणारं पीक त्या वर्षी सोडायचं. पर्जन्यछायेतल्या या गावात पावसाचा खाडा दर काही वर्षांनी ठरलेलाच. पाऊस चुकला म्हणून गाव स्वतःला नापास करत नाही, पेरणी बदलतं. नोंदीतून उद्याचा निर्णय निघतो, म्हणून ती नोंद जिवंत आहे. भाच्याच्या मोबाइलमधल्या 47 खुणांनी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं की पहाटे धावल्यावर तुला दुपारी झोप येते आणि उत्तरलेखन तू रात्री चांगलं करतोस. हे त्याला तीन महिन्यांनी, एका साध्या वहीत लिहू लागल्यावर दिसलं. आता तो साडेसहाला उठतो.

पण खाड्याबद्दलची खरी गोष्ट याच्याही पुढची आहे, आणि ती मला या जिल्ह्यातल्या पहाटेनंच दाखवली. नगर हा दुधाचा जिल्हा. राहुरी, संगमनेर, पारनेरकडच्या कुठल्याही गावात पहाटे साडेचारला जा. गोठ्यातला दिवा लागलेला असतो. शेण काढायचं, खुराक टाकायचा, कास धुवायची, धार काढायची. सहा-साडेसहाला संकलन केंद्रावर कॅनची रांग लागते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे असलेली चिठ्ठी बाहेर येते. अशी चिठ्ठी सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे 365 दिवस. सवयींच्या नोंदीचं याहून कडक यंत्र मी पाहिलेलं नाही. धार बऱ्याचदा बाईनं काढलेली असते आणि चिठ्ठीवर खातेदार म्हणून नाव नवऱ्याचं. पहाटे 5 ला उठून स्वतःसाठी एक तास काढा, हा सल्ला त्या बाईला कसा द्यायचा? तिची पहाट कधीच तिची नव्हती. गाय पान्हवली की धार काढावीच लागते. तिला खाडा नाही.

खाडा पाडता येणं ही मोठी गोष्ट आहे, हे घरकामाला जाणाऱ्या बायकांना आपल्या आधी कळलं. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि पुढे संघटना बांधली, तेव्हा पगाराइतकीच हक्काच्या सुट्टीची मागणी महत्त्वाची होती. खाडा, पण पैसे न कापता. कॅलेंडरवरच्या त्या बारीक ‘खा’ पुढे किंमत लिहिलेली असते आणि ती कोणी सोसायची, हा त्या मागणीतला प्रश्न होता. आमच्या मावशींचे खाडे आई पगारातून कापत नसे. पण तो तिचा चांगुलपणा होता, मावशींचा हक्क नव्हता, हे मला फार उशिरा समजलं.

दवाखान्यातून आल्यावर आई महिनाभर अंथरुणावर होती. माळ्यावरच्या पेटीतली जुनी कॅलेंडरं मी तेव्हा खाली काढली. तिनं फेकली नव्हती, मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी जपली होती. 1986, 1991, 1997. दूधवाल्याचे खाडे, मावशींचे खाडे, पेपरवाल्याचे खाडे. 1991 च्या जुलैत तिला टायफॉइड झाला होता. मला आठवतं, कारण मी शाळेतून आल्यावर तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतो. तो महिना मी चौकोन चौकोन पाहिला. दूधवाल्याचे दोन ‘खा’ होते, तिच्याच अक्षरात. म्हणजे त्या तापातही ती उठून दारामागे गेली होती.

मी तिला म्हटलं, “आई, तुझा खाडा कुठे लिहायचीस?”

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, “माझा कशाला? माझे पैसे कोण कापणार होतं?”