संयुक्तपणे आणि पृथक्‌पणे

सही या गोष्टीकडे मी कधी गांभीर्याने पाहिलं नाही. बँकेतल्या माणसाला ते परवडतच नाही. हलवायाला जिलबीचं कौतुक नसतं, तसं आम्हाला सहीचं. कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक समोर बसलं की बोट फिरवायचं, "इथे, इथे, आणि पान उलटून इथे." हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं होतं. आमच्याकडे सात सह्यांत पहिला करारसुद्धा संपत नाही.

पाच वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या आमच्या शाखेत एक जोडपं गाडीच्या कर्जासाठी आलं. तो तेंदूपत्त्याच्या धंद्यातला, म्हणजे उन्हाळ्यात शेठ आणि पावसाळ्यात आमच्यासारखा. ती शाळेत शिक्षिका, पगार बाराही महिने. साहेबांनी आकडेमोड केली आणि सांगितलं, "यांच्या एकट्याच्या उत्पन्नात बसत नाही, बाईंना सहकर्जदार करा." मी फुल्या मारल्या. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "हे काय होय जी, भाऊ?"

मी म्हणालो, "काही नाही मॅडम, फॉर्मॅलिटी आहे."

सही झाली. गाडीला हार घालून ती दोघं पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.

मागच्या वर्षी दोघांचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. समजुतीच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की गाडी त्याची आणि हप्तेही त्यानेच भरायचे. तो गाडी घेऊन मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीला राहायला गेला. चार हप्ते थकले. नोटीस दोघांच्या नावे निघाली. त्याची 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. बाईंची मात्र शाळेत, सगळ्या स्टाफसमोर, बिनचूक पोचली.

बाई हुकूमनाम्याची प्रत घेऊन माझ्यापुढे बसल्या. "कोर्टाने आम्हाला वेगळं केलं. बँक काहून नाही करत?"

आता प्रश्न बरोबर होता, पण मी कॉमर्सचा पदवीधर. मी कायदा सांगू लागलो. कराराचा कायदा १८७२ सालचा. त्यातलं त्रेचाळिसावं कलम म्हणतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल, तर घेणेकऱ्याने कोणाही एकाकडून सगळं वसूल करावं. नुसता जामीनदार असता तरी सुटका नव्हती. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि आधी कर्जदाराच्या मागे लागा मग माझ्याकडे या, असं त्याने म्हणायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने बिहारातल्या एका बँकेच्या दाव्यात सांगून ठेवलंय. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली, त्यात परस्परसंमतीचं कलम शिरलं १९७६ साली. म्हणजे लग्न कसं मोडावं याचा हा कायदा लिहिण्याआधी ८३ वर्षं, कर्ज कसं मोडू नये याचा लिहून तयार होता!

करारात शब्दच असतात, 'संयुक्तपणे आणि पृथक्‌पणे'. संयुक्तपणे म्हणजे लग्न, पृथक्‌पणे म्हणजे घटस्फोट. बँकेने दोन्हीची सोय करून ठेवलेली. आपल्याकडे पूर्वी काडी मोडली की नातं तुटायचं. पण त्या काडीचं एक टोक बँकेच्या हातात नव्हतं, मग बँकेने ती मोडली असं का मानावं? बँक काही राक्षस नाही. ठेवीदारांचे पैसे बाईंच्या पगाराकडे बघून दिले होते, प्रेमाकडे बघून नव्हे. आणि घटस्फोटाने कर्ज सुटतं असं एकदा ठरलं, तर आमच्या गावात शुक्रवारी घटस्फोट आणि सोमवारी पुन्हा लग्न, असे मुहूर्त निघतील.

"मग गाडी ओढून आणा ना," बाई म्हणाल्या.

तेही बँकेला करता येतं. पण पाच वर्षं वापरलेल्या गाडीचे येऊन येऊन किती येणार? विकून कमी पडलं तर उरलेला खड्डा पुन्हा दोघांचाच. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर करायचं तर बँक, तो आणि बाई, तिघांचीही संमती हवी, आणि एकट्याच्या उत्पन्नात ते बसत नव्हतं म्हणून तर सगळं रामायण. एकच वाट उरते: बाईंनी भरावं, पावत्या जपाव्यात आणि त्या समजुतीच्या कागदावर त्याच्याकडून वसूल करावं. म्हणजे ज्याच्यापासून कोर्टाने सोडवलं, त्याच्याच मागे कोर्टात जावं.

बाई रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "परवा मी सावलीच्या एसटीत उभी होती. आमची गाडी हॉर्न देत पुढे गेली जी."

गडचिरोली जिल्हासुद्धा १९८२ साली चंद्रपुरातूनच वेगळा झाला. त्यांच्या गाड्यांना एमएच ३३, आमच्या गाड्यांना ३४. कोळसा मुख्यत्वे आमच्याकडे, घनदाट जंगल त्यांच्याकडे. जिल्ह्यांची वाटणी सरकारने केली ती नदी बघून. या गाडीवर नंबर अजून चौतीसच आहे, धावते मात्र तेहतीसमध्ये.

कायद्यात मी कुठेच चुकलो नव्हतो. चुकलो होतो त्या एका शब्दात. बाईंनी सरळ विचारलं होतं, हे काय होय. "नवऱ्याने भरलं नाही तर तुमच्या पगारातून जाईल, पुढे तुमचं पटलं नाही तरी," एवढं एक वाक्य. कदाचित त्यांनी तरीही सही केली असती. लग्नातली बायको नवऱ्यादेखत पेन खाली ठेवते थोडीच! पण ते कळायला आता मार्ग नाही. सही त्यांची असली, तरी फुली माझी होती. आणि फुलीवर जबाबदारी टाकणारं कलम मला १८७२ च्या कायद्यात अजून सापडलेलं नाही.

बाईंनी दोन हप्ते भरले. पावतीवर 'भरणाऱ्याचे नाव' स्वतः लिहिलं. मी ते तीनदा तपासलं.

मागच्या आठवड्यात एक नवं जोडपं आलं. मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि ते वाक्य म्हणालो. मुलीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे, आणि साहेबांनी मला आत बोलावलं. "लग्नघरात मृत्युपत्र वाचतोस काय रे?"

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला. "अहो, आपल्या घराच्या कर्जाला मी सही केली होती ना? तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

मी म्हणालो, आठवत नाही.

"मला आठवतं," ती म्हणाली, आणि कपाटाची किल्ली मागितली.